भिंतीआडचे बहारीन

बहारीनमध्ये चार-दोन वर्षे काढलेल्या कुठल्याही मराठी घरातला अल्बम उघडा. पहिल्या पानावर बाब अल् बहारीनच्या कमानीपुढे उभे असलेले जोडपे असते. पुढे कॉजवेच्या मध्यावरचे बेट, मग वाळवंटातला तो एकटा जीवनवृक्ष आणि त्याला टेकून उभी मुले. नंतर कधी तरी भारतातून आलेल्या सासूबाई, अल् फतेह मशिदीच्या अंगणात, तिथे मिळालेला काळा अबाया घालून, किंचित गोंधळलेल्या. या सगळ्या फोटोंत इमारत माणसांच्या मागे असते आणि बहुधा तिचा माथा कापलेला असतो. यात वावगे काहीच नाही. फोटो घरी पाठवायचा असतो, आणि घरच्यांना नातवंड बघायचे असते, कमान नव्हे.

या लेखात मात्र इमारतीला पुढे आणून उभे करणाऱ्यांची हकिकत सांगायची आहे. तिची सुरुवात मुंबई इलाख्यातून करावी लागते, आणि त्याला कारण आहे. आखाताचा कारभार पाहणारा इंग्रजांचा बुशहरचा रेसिडेंट १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या हाताखाली होता. बहारीनचे मोती मुंबईच्या बाजारात जात, येथील व्यापाऱ्यांच्या पेढ्या मुंबईत असत, आणि १९६५ साली दिनार येईपर्यंत या बेटावर रुपयाच चालत होता. घरांना लागणारे सागवानही हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरूनच येई. एका अर्थाने मुहर्रक हे मुंबईचे समुद्रापलीकडचे शेजारगाव होते.

त्या मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या सभासदांपैकी एक आणि स्वतः चांगले छायाचित्रकार होते. दुसऱ्याच वर्षी, १८५५ मध्ये, सरकारने कॅप्टन थॉमस बिग्ज या तोफखान्याच्या अधिकाऱ्याला विजापूर, बदामी, ऐहोळे येथल्या इमारतींचे फोटो काढायला नेमले. तो कागदी निगेटिव्ह वापरी. पुढे ते काम डॉ. पिगू यांच्याकडे गेले आणि १८६६ मध्ये विजापूरचा ग्रंथ छापून निघाला. त्यातले निवेदन मेडोज टेलरचे, म्हणजे ठगाची कबुलीकथा लिहिणाऱ्या त्याच टेलरसाहेबाचे. ही छायाचित्रे ठरीव शिस्तीची असतात: इमारत समोरून, सरळ, शक्य तितकी पूर्ण.

मेजर रॉबर्ट गिलची गोष्ट वेगळी. अजिंठ्याच्या पारूमुळे हे नाव आपल्याकडे घरोघर माहीत आहे. १८४४ मध्ये नेमणूक झाल्यापासून अनेक वर्षे खपून त्याने लेण्यांतल्या चित्रांच्या प्रतिकृती रंगवल्या, आणि त्यांतल्या बहुतेक डिसेंबर १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या आगीत जळून गेल्या. पण गिल कॅमेराही वापरू लागला होता. लेण्यात समोरून काढण्याजोगा दर्शनी भाग थोडा असतो, सगळी गंमत आतल्या खोलीची. म्हणून त्याने दोन भिंगांचा जोडफोटो वापरला. दुर्बिणीसारख्या चौकटीतून पाहिले की खांबामागे खांब सरकत जातो आणि आपण डोंगराच्या पोटात उभे आहोत असे वाटते. ही जोडचित्रे १८६४ मध्ये पुस्तकरूपाने निघाली होती. विजापूरच्या घुमटाला जी रीत चालली ती अजिंठ्याला चालली नसती. इमारत कोणत्या जातीची आहे हे आधी ओळखायचे आणि मग कॅमेरा कुठे ठेवायचा ते ठरवायचे, हे गिलला कळले होते. बहारीनच्या बाबतीत हाच मुद्दा कळीचा ठरतो.

या बेटाकडे जुना कॅमेरा आला तो प्रवाशांच्या सामानातून. १८८९ च्या आरंभी थिओडोर बेंट आणि त्यांची पत्नी मेबल आलीच्या दफन-टेकड्या खणायला आली. मोहिमांमध्ये फोटो काढण्याचे काम मेबलबाईंकडे असे. १९०३ च्या अखेरीस हेरमान बुर्कहार्ट हा जर्मन प्रवासी बसऱ्याहून मस्कतकडे जाताना येथे उतरला. पदरचे पैसे खर्चून हिंडणारा, अरबी जाणणारा हा गृहस्थ. १९०९ मध्ये येमेनमध्ये तो मारला गेला, पण त्याची छायाचित्रे बर्लिनच्या संग्रहालयात सुरक्षित राहिली आणि आज आखातातले सगळे देश आपापला भूतकाळ शोधायला तिकडे धाव घेतात.

अशा प्रवाशांपुढे एक अडचण उभी राहत असणार, आणि आजही मुहर्रकमध्ये कॅमेरा घेऊन जाणाऱ्यापुढे ती उभी राहते. गल्लीतून चालताना दिसतात त्या कोऱ्या भिंती. खिडक्या थोड्या, त्याही उंचावर. युरोपातल्या घराला चेहरा असतो आणि तो रस्त्याकडे असतो. येथे घराने रस्त्याकडे पाठ फिरवलेली असते.

आपल्याला हे घर समजायला खरे तर जड जाऊ नये, कारण आपण वाड्यातली माणसे. मोठा दरवाजा आणि त्यातच माणसापुरती छोटी दिंडी, ही जोडी मुहर्रकच्या जुन्या दारांतही आहे. अरबीत त्या छोट्या दाराला खोखा म्हणतात. दारातून आत शिरले की देवडीसारखी जागा, तिथून वाट मुद्दाम वळवलेली, म्हणजे रस्त्यावरच्या माणसाची नजर थेट चौकात जाऊ नये. मग चौक, त्याभोवती ओसरी आणि ओसरीमागे खोल्या. वर सपाट छत, मराठवाड्यातल्या माळवदासारखे. भिंती समुद्रातून काढलेल्या प्रवाळी दगडाच्या, वर जिप्समचा गिलावा. छताला पूर्व आफ्रिकेहून गलबतांनी आणलेले खारफुटीचे वासे, त्यांवर बांबू आणि खजुरीच्या चटया. वासा साधारण जेवढा लांब तेवढीच खोली रुंद, म्हणून खोल्या दहा फुटांच्या आसपास रुंदीच्या आणि लांबच लांब. आपण वाडा खणांत मोजतो, तसा हिशेब येथे वाशाने ठरवलेला आहे. सियादी या मोती व्यापारी घराण्याची इमारत काय किंवा शेख इसा बिन अली यांचे चार भागांत विभागलेले घर काय, दोन्हीकडे हे पाहायला मिळते.

अशा घराचा फोटो कसा काढायचा? गल्लीत उभे राहून समोरून काढला तर एक पिवळट चौकोन येतो, बाकी काही नाही. हे घर दगडाइतकेच सावलीनेही बांधलेले आहे, हे लक्षात घेतल्याशिवाय त्याचा फोटो निघत नाही असे माझे मत आहे.

आधी भिंतच घ्या. दोन जाड खांबांच्या मध्ये पातळ पाटीची भिंत, ती जराशी आत घेतलेली, त्यामुळे आतून कोनाडे तयार होतात. गच्चीच्या कठड्यात तर दोन पातळ पाट्या पुढेमागे बसवून त्यांच्यामधून वारा खाली येईल अशी फट ठेवलेली असते. ढगाळ दिवशी किंवा समोरून पडलेल्या उन्हात यातले काहीच दिसत नाही. ऊन भिंतीला घासून गेले पाहिजे, तेव्हा प्रत्येक कडेला सावलीची रेघ उमटते. पहाटे आणि संध्याकाळी फोटो काढावेत हा सल्ला सगळेच देतात. पण बहारीन सव्वीस अंशांवर आहे, आणि जूनच्या उत्तरार्धात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सत्त्याऐंशी अंशांवर, म्हणजे जवळजवळ डोक्यावर येतो. त्या वेळी दक्षिणेकडच्या भिंतीवरून ऊन वरून खाली पन्हाळीच्या पाण्यासारखे उतरते आणि जिप्समवर कोरलेली नक्षी उठून दिसते. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी चाळीस अंशांवर असतो आणि तीच भिंत सपाट वाटते. अर्थात जूनच्या दुपारी मुहर्रकमध्ये उभे राहायचे म्हणजे डोक्यावर टोपी, हातात पाणी आणि घरच्यांची बोलणी खायची तयारी हवी.

गल्ली अरुंद असते ते सावलीसाठीच. उन्हातली भिंत समोरच्या सावलीतल्या भिंतीवर उजेड टाकते, आणि त्या परतलेल्या मऊ उजेडात दाराच्या सागवानी फळ्या, खिळ्यांची रांग, गिलाव्याचे थर असे स्पष्ट दिसतात की वेगळ्या दिव्याची गरज पडत नाही. लाकडाचा आणि गिलाव्याचा फोटो असाच काढावा.

मग आत. चौकात ऊन आणि ओसरीमागच्या खोलीत अंधार, यांत इतका फरक असतो की स्लाइडची फिल्म वापरणाऱ्याला निवड करावीच लागे: चौक दाखवायचा की खोली? चौक धरला तर खोली काळी ठिक्कर, खोली धरली तर चौक पांढरा फटफटीत. आजचा मोबाइल ही निवड आपल्याकडून काढून घेतो. तो दोन-तीन फोटो एकात एक मिसळून सगळीकडे सारखा उजेड करतो, आणि लोक म्हणतात, वा, किती स्वच्छ आला! पण उन्हातून आलेल्या माणसाला त्या खोलीत शिरताना जो गारवा वाटायचा तो त्या अंधारातच होता. बांधणाऱ्याने खटपटीने आत आणलेली सावली फोनने एका क्षणात पुसून टाकलेली असते. माझ्या मते खोलीचा फोटो थोडा काळाच राहू द्यावा. कोनाड्याची कड आणि जमिनीवर पडलेला उन्हाचा एक पट्टा दिसला तरी पुष्कळ.

आणि वारा? शेख इसा बिन अली यांच्या घराचा वातमनोरा, ज्याला बादगीर म्हणतात, तो बाहेरून सगळेच टिपतात. तो मनोरा आत काय करतो हे पाहायचे तर खालच्या खोलीत जाऊन त्याच्या पोकळीखाली उभे राहावे आणि भिंग सरळ वर करावे. चारी दिशांचा वारा पकडणारे त्याचे भाग आणि त्यांतून झिरपणारा उजेड एका चौकटीत येतात. वारा काही दिसत नाही, पण तो कोणत्या वाटेने येतो हे दिसते. वास्तुरचनेच्या पुस्तकात यासाठी छेद काढतात. येथे मान वर केली की काम भागते.

वर सांगितलेली वळणाची देवडी छायाचित्रकारालाही काही सांगते. रस्त्यावरून कुठवर पाहायचे हे घराने ठरवून ठेवलेले आहे. दुरुस्त करून लोकांना खुली केलेली घरे सोडली, तर बाकीच्या दारांपाशी थांबावे, विचारावे, नाही म्हटले तर पुढे जावे. हो म्हणाले तर बहुधा आधी कॉफी मिळते आणि फोटो नंतर.

बहारीनमध्ये आणखी एका प्रकारचे छायाचित्रण रुजले ते पुरातत्त्वाचे. १९५३ च्या अखेरीस डेन्मार्कच्या आर्हूस येथून ग्लोब आणि जेफ्री बिबी यांची तुकडी आली आणि बहारीनच्या किल्ल्याची टेकडी खणू लागली. ही टेकडी निसर्गाची नव्हे, माणसांची. इ. स. पूर्व २३०० च्या सुमारापासून लोक तेथे एकावर एक घरे बांधत गेले, आणि वर सोळाव्या शतकातला पोर्तुगिजांचा वावर. खणलेल्या चराची उभी बाजू म्हणजे चार हजार वर्षांचा उभा छेद. अशा फोटोत मोजपट्टी ठेवतात, दिशा दाखवतात आणि सौंदर्याची फिकीर करत नाहीत; तरी त्यांतले काही फोटो पाहताना माणूस खिळून राहतो. जमिनीवरून न समजणाऱ्या दफन-टेकड्यांच्या बाबतीत हवाई छायाचित्रांनीही मोठी मदत केली. वस्त्या वाढत गेल्या, टेकड्या सपाट झाल्या, पण कित्येकांच्या खुणा जुन्या हवाई फोटोंत शिल्लक आहेत. २०१९ मध्ये युनेस्कोने दिल्मूनच्या टेकड्यांना जागतिक वारशात घेतले तेव्हा २१ ठिकाणच्या ११,७७४ टेकड्या त्यात होत्या.

मुहर्रकच्या घरांना मात्र कुणी इतक्या काळजीने मोजत नव्हते. जपानी कृत्रिम मोती आणि जागतिक मंदी यांनी १९३० च्या सुमारास मोत्यांचा धंदा बुडवला, १९३२ मध्ये तेल लागले आणि पैशाची वाट बदलली. पुढे १९६८ मध्ये इसा टाउन उभे राहिले, मग हमद टाउन. वातानुकूलित घर मिळाल्यावर बादगीर कोण सांभाळणार? मूळ कुटुंबे हळूहळू बाहेर पडली, घरे भाड्याने गेली, आणि भाडेकरू बहुतेक आपल्याच उपखंडातले कामगार. प्रवाळी दगडाला वेळोवेळी गिलावा लागतो, तो न मिळाल्याने पुष्कळ घरे पडली आणि बरीच पाडली गेली. उरलेल्यांची काळजी घेण्याचे काम २००२ पासून शेखा मै अल् खलिफा यांच्या पुढाकाराने शेख इब्राहीम केंद्राने एकेक घर हाती घेऊन केले. २०१२ मध्ये मोत्यांच्या व्यवसायाशी निगडित इमारती, समुद्रातले तीन शिंपल्यांचे पट्टे आणि बु माहिरचा किनारा मिळून जागतिक वारसा झाला. २०१९ मध्ये मुहर्रकच्या पुनरुज्जीवनाला आगाखान वास्तुपुरस्कार मिळाला. त्याच वाटेवर व्हालेरिओ ओल्जियाती या स्विस वास्तुकाराने काँक्रीटच्या उंच खांबांचे जंगल उभे केले आहे. ते पाहून काही जण नाक मुरडतात, मला त्याची सावली आवडते.

या सगळ्यात छायाचित्रणाच्या दृष्टीने मोलाची गोष्ट २०१० साली घडली आणि ती वाड्यांची नव्हे, झोपड्यांची होती. व्हेनिसच्या वास्तुकला-प्रदर्शनात बहारीन पहिल्यांदाच सहभागी झाले आणि त्याने उंच मनोरे नेले नाहीत. किनाऱ्यावर मासेमारांनी फळकुटे, पत्रे, जुन्या खिडक्या जोडून उभारलेल्या बैठकीच्या झोपड्या तेवढ्या नेल्या. समुद्र हटवून केलेल्या भरावामुळे किनारा लोकांपासून दूर जात होता, आणि ही माणसे आपल्यापुरता समुद्र धरून बसली होती. कामिल झखारिया या बहारीनवासी छायाचित्रकाराने किनाऱ्याकिनाऱ्याने फिरून या झोपड्यांची मालिका केली होती. प्रदर्शनाचा सर्वोच्च, म्हणजे सुवर्णसिंह पुरस्कार त्या दालनाला मिळाला. ज्या बांधकामाला कोणी वास्तू म्हणत नाही त्याच्यापुढे कॅमेरा तितक्याच आदराने लावणे, हीच त्यातली कल्पकता.

नव्या मनाम्याविषयी थोडक्यात. २००८ चे वर्ल्ड ट्रेड सेंटर, शिडांच्या आकाराचे दोन २४० मीटरचे मनोरे आणि मध्ये तीन पवनचक्क्या, प्रत्येकीचा व्यास २९ मीटर. मनोऱ्यांचा आकारच असा की समुद्रावरचा वारा मधल्या फटीत ओढला जातो. म्हणजे बादगीराचेच दूरचे नातलग! याचा फोटो बहुतेक जण झटपट शटरने काढतात आणि पाती गोठून जातात, पंखा बंद पडल्यासारखी. तिवईवर कॅमेरा ठेवून सेकंदाचा पंधरावा भाग उघडा ठेवला तर पाती पुसट होतात आणि इमारत काय काम करते ते कळते. सूर्यास्ताचा फोटो सगळ्यांकडे असतो. मला ते मनोरे जुन्या सूकच्या गल्लीतून, श्रीनाथजींच्या देवळाच्या परिसरातून, तारांच्या जाळ्यात आणि वाळत घातलेल्या कपड्यांच्या मागे दिसतात तेव्हा अधिक खरे वाटतात. त्या देवळाला दोनशे वर्षे झाली. ज्या व्यापारी वस्तीमुळे ते उभे राहिले आणि ज्या व्यापारामुळे हे मनोरे, त्यांची ओळख एका चौकटीत होते.

नवशिक्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. ऑगस्टमध्ये गाडीच्या गारव्यातून कॅमेरा बाहेर काढला की भिंगावर क्षणात धुके चढते. पुसू नये, उलट बंद पिशवीत ठेवून पंधरा-वीस मिनिटे बाहेरच्या हवेची सवय होऊ द्यावी.

आता पुन्हा आपल्या अल्बमांविषयी, पण वेगळ्या कारणाने. बाब अल् बहारीन ही इमारत सर चार्ल्स बेलग्रेव्ह यांच्या आराखड्यावरून १९४९ मध्ये झाली, तेव्हा समुद्र तिच्यासमोर, अगदी जवळ होता. पुढे भराव पडत गेले आणि पाणी दूर गेले. १९८६ मध्ये इमारतीचे दर्शनी रूपही इस्लामी धाटणीने बदलले. म्हणजे सत्तरच्या दशकात येथे आलेल्या कुटुंबाने कमानीपुढे काढलेला फोटो आज एका नाहीशा झालेल्या दर्शनी भागाचा फोटो आहे. तसेच मुहर्रकच्या भाड्याच्या खोलीच्या गच्चीवर काढलेला वाढदिवसाचा फोटो: पाठीमागचा कठडा, शेजारचा बादगीर, खाली दिसणारा चौक. बिग्ज आणि बुर्कहार्ट यांच्याइतकेच हे कागद कामाचे आहेत, फक्त ते कपाटात आहेत आणि त्यांच्यावर तारीख नाही.

त्या काळच्या रंगीत प्रती आधी तांबूस होतात आणि मग विटतात. चिकट पानांच्या अल्बममधून त्या ओढून काढू नयेत, पानासकट स्कॅन कराव्यात, त्यातही आधी जुन्यात जुन्या. मागच्या बाजूला बॉलपेनने लिहू नये, शाई पुढे उमटते. मऊ पेन्सिलीने वर्ष, गल्ली, फोटो काढणारा कोणत्या दिशेला तोंड करून उभा होता, आणि मागच्या घरात तेव्हा कोण राहत होते, एवढे लिहावे. हे सांगू शकणारी आपली ज्येष्ठ मंडळी आता पुण्या-ठाण्याला परतली आहेत. त्यांना फोन करताना अल्बम समोर उघडून ठेवावा.